ॲटलास पतंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्द्रा नक्षत्र लागलं की फोनवर फोटो येऊ लागतात, ते थेट दिवाळीपर्यंत. कुणाच्या पडवीच्या भिंतीवर, कुणाच्या नळाच्या पाइपावर, कुणाच्या स्कूटरच्या सीटवर बसलेलं तळहाताहून मोठं, विटकरी रंगाचं पाखरू. फोटो वेगळे, प्रश्न तेच. म्हणून एकदाच सगळी उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. एखाद्या उत्तरातला मुद्दा दुसरीकडे सविस्तर असेल, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे एवढं मोठं फुलपाखरू कोणतं?

फुलपाखरू नाही, पतंग आहे. याला ॲटलास पतंग म्हणतात. सॅटर्निइडी हे त्याचं कुळ. टसर, एरी आणि मुगा रेशीम देणारे पतंग याच कुळातले, म्हणजे हे त्यांचं थोरलं भावंड. ‘राज्य फुलपाखरू सापडलं’ असा मजकूरही फोटोखाली बरेचदा असतो. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळी. २०१५ साली तो मान तिला मिळाला. ती काळी-निळी असते आणि भरदिवसा उडते. दोघांत गल्लत होण्यासारखं काहीच नाही.

२. पतंग आणि फुलपाखरू यांतला फरक चटकन कसा ओळखायचा?

मिशा बघा. फुलपाखराच्या मिशा काडीसारख्या असून टोकाला गुंडी असते. पतंगाच्या मिशा एक तर दोऱ्यासारख्या, नाही तर पिसासारख्या. ॲटलासच्या पिसासारख्या असतात. बसताना फुलपाखरं बहुधा पंख पाठीवर मिटतात, पतंग पसरून ठेवतात. ‘दिवसा उडतं ते फुलपाखरू, रात्री उडतो तो पतंग’ हा शाळेतला नियम मात्र फार धरून बसू नका. दिवसा उडणारे रंगीत पतंग आपल्याकडे पुष्कळ आहेत.

३. ॲटलासची नेमकी खूण काय? रंग तर प्रत्येक फोटोत वेगळा दिसतो.

रंगावर जाऊ नका. एकच पतंग ट्यूबलाइटखाली तपकिरी, उन्हात केशरी आणि मोबाइलच्या फ्लॅशमध्ये लालभडक दिसतो. मूळ रंग भाजलेल्या विटेचा समजा. त्यात कुठे कुंकवाची, कुठे हळदीची, कुठे फिक्या गुलाबी रंगाची झाक. पंखांवरून पांढऱ्या आणि काळ्या रेषा नागमोडी जातात आणि कडेला पिवळसर पट्ट्यात एक बारीक काळी रेघ लाटेसारखी फिरते, लुगड्याच्या काठासारखी.

खरी खूण म्हणजे चारही पंखांवरच्या त्रिकोणी खिडक्या. प्रत्येक पंखावर मधोमध काळ्या किनारीचा एक त्रिकोण असतो आणि त्या जागी खवलेच नसतात. पंखांना रंग येतो तो या सूक्ष्म खवल्यांमुळे. ते नसले की उरतो नुसता पारदर्शक पडदा. पतंग पांढऱ्या भिंतीवर असेल तर त्रिकोण पांढरे दिसतात, पानावर असेल तर हिरवे. पुढच्या पंखांवर मोठ्या खिडकीशेजारी कधी कधी आणखी एक छोटीशी खिडकीही असते. चार त्रिकोणी खिडक्या आणि पुढच्या पंखाचं बाहेर वळलेलं, फुगीर टोक, एवढं जुळलं की शंका उरत नाही.

४. पंखाच्या टोकाला सापाचं डोकं दिसतं. ती खरंच सापाची नक्कल आहे का?

दिसतं खरं. टोकाला पिवळसर-गुलाबी रंग, त्यात काळा डोळ्यासारखा ठिपका आणि खाली तोंडाच्या फटीसारखी रेघ. कँटनी भाषेत तर या पतंगाचं नावच ‘सापडोक्या पतंग’ अशा अर्थाचं आहे. डिवचल्यावर तो जमिनीवर पडून पंख सावकाश हलवतो, तेव्हा दोन साप माना डोलवत असल्याचा भास होतो. पक्षी आणि सरडे यांना त्याने धाक बसत असावा, असा कयास आहे.

पण दिवसाच्या शत्रूंपेक्षा रात्रीचा शत्रू मोठा, तो म्हणजे वटवाघूळ. त्याला रंग आणि ठिपके यांचं काय, ते आवाजाच्या प्रतिध्वनीवर शिकार करतं. या कुळातल्या पतंगांना कानच नसतात, त्यामुळे वटवाघूळ जवळ आल्याचं कळायची सोय नाही. इथे तेच टोक दुसऱ्या तऱ्हेने कामाला येतं. त्याच्या घड्या आणि सुरकुत्या आवाज जोरात परतवतात, इतक्या की अंगापेक्षा टोकाचा प्रतिध्वनी मोठा होतो. वटवाघूळ झडप घालतं ते टोकावर. पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. टोक तुटलेल्या पतंगाचे फोटो बरेच येतात. तो आजारी नसतो, बचावलेला असतो.

५. हा जगातला सर्वात मोठा पतंग का?

मोजायचं काय, त्यावर आहे. पंखांचा पसारा, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर धरलं, तर मान मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या ‘व्हाइट विच’ नावाच्या पतंगाला. तो २८ सेंटीमीटरच्या आसपास जातो. ॲटलासची मोठी मादी २४-२५ सेंटीमीटरपर्यंत भरते. पंखांचं क्षेत्रफळ धरलं तर ॲटलास अगदी वरच्या रांगेत येतो, पण तिथेही न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियातला हर्क्युलस पतंग शेजारी उभा आहेच. बातमीत ‘जगातील सर्वात मोठा’ लिहायचा मोह होतो. ‘सर्वात मोठ्या पतंगांपैकी एक’ लिहा, कुणी चूक काढणार नाही.

६. सह्याद्रीत दिसतो तो खरा ॲटलास, की दुसरीच जात?

हा प्रश्न विचारणारे थोडे, पण विचारतात ते नेटाने. ॲटॅकस ॲटलास हे नाव लिनियसने १७५८ साली दिलं. हा पतंग हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारत आणि पुढे आग्नेय आशियात पसरला आहे. दक्षिण भारत आणि श्रीलंका इथल्या पतंगाला ॲटॅकस टॅप्रोबॅनिस ही वेगळी जात मानतात. टॅप्रोबेन हे ग्रीकांनी श्रीलंकेला दिलेलं जुनं नाव. दोघं दिसायला इतके सारखे की मोबाइलमधल्या फोटोवरून भांडण्यात अर्थ नाही. बोलताना दोघांनाही ॲटलासच म्हणतात. या पानावरचं जीवनचक्राचं वर्णन दोघांनाही लागू आहे.

७. तो कुठे आणि केव्हा दिसतो?

कोकण, गोवा आणि घाटमाथ्याची दाट, ओली जंगलं हे त्याचं घर. जंगलाला लागून असलेल्या बागा आणि आगरंही त्याला चालतात. दिसतो मुख्यतः पावसाळ्यात आणि पाऊस ओसरल्यावर. उन्हाळ्यात तो नाहीसा होत नाही, झाडावर कोषात झोपलेला असतो (प्रश्न १० पाहा).

८. नर कोणता, मादी कोणती?

मादी मोठी, जड, पोट फुगीर. नर आटोपशीर, पंखांची टोकं जास्त बाकदार आणि मिशा रुंद, भरगच्च पिसाच्या. त्या मिशा शोभेच्या नाहीत. मादी कोषातून निघाली की बहुधा तिथेच जवळ बसते आणि रात्री पोटाच्या टोकातून गंध सोडते. कपाशी-वांग्याच्या शेतात आपण कामगंध सापळे लावतो, तीच ही युक्ती. वाऱ्यावर आलेला तो गंध कैक अंतरावरून टिपायचा, यासाठी नराच्या मिशा तेवढ्या रुंद. मादी जागेवर थांबते आणि नर रानोमाळ भटकतो, म्हणून दिव्यावर येऊन धडकणाऱ्यांत नर बरेच असतात.

९. त्याला तोंड नसतं म्हणे! मग साखरपाणी ठेवू का?

ठेवू नका. फुलपाखराला मध प्यायला सोंड असते. ॲटलासची सोंड खुंटलेली, निकामी. कोषातून निघाल्यापासून मरेपर्यंत तो काहीही खात-पीत नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर आठवडाभर, फार तर दहा-बारा दिवस निघतात. तेवढ्यात जोडीदार मिळाला पाहिजे, अंडी घातली गेली पाहिजेत. विनाकारण उडणं म्हणजे शिल्लक उडवणं, म्हणून तो दिवसभर ढिम्म बसून राहतो.

केळ्याचा काप, मध, ग्लुकोज हे सगळं लोक प्रेमाने ठेवतात. उपयोग होतो तो मुंग्यांना.

१०. अंड्यापासून पतंग व्हायला किती दिवस लागतात? सगळं जीवनचक्र सांगाल का?

मादी पानांच्या खालच्या बाजूला अंडी घालते. एकेक अंडं अडीच मिलीमीटरचं, मोहरीहून थोडं मोठं. दहा ते चौदा दिवसांत अळी निघते आणि पहिला घास बहुतेकदा स्वतःच्या अंड्याच्या टरफलाचा घेते.

खरं आयुष्य इथून सुरू होतं. आपण पंखांवर लुब्ध होतो, पण पंख म्हणजे या प्राण्याचा शेवटचा आठवडा. खाणं, वाढणं, साठवणं हे सगळं अळीने करायचं. पाच-सहा आठवडे ती दुसरं काही करतच नाही. अंगावरची कातडी ताणत नाही, म्हणून अनेकदा कात टाकते आणि दर खेपेला आधीच्यापेक्षा थोराड होऊन बाहेर येते. पुरी वाढलेली अळी दहा-अकरा सेंटीमीटर लांब आणि अंगठ्याहून जाड. रंग निळसर हिरवा, पाठीवर मांसल काट्यांच्या रांगा आणि सगळ्या अंगावर पांढरी मेणाची पूड, जणू तांदळाच्या पिठात घोळून काढलीय. मागच्या पायांजवळ दोन्ही बाजूंना एकेक नारिंगी कडं दिसतं.

मग एके दिवशी खाणं थांबतं. अळी पानं ओढून घेते आणि आत रेशमाचा कोष विणते. त्याआधी एक शहाणपणाचं काम करते. पानाचा देठ फांदीला रेशमाने बांधून टाकते. पान सुकलं तरी गळत नाही, कोष लटकत राहतो. आतमध्ये अळीचा पतंग व्हायला चारेक आठवडे लागतात, पण ते हवामानावर. पाऊस संपत आला असेल तर तो आतच थांबतो, हिवाळा-उन्हाळा कोषात काढतो आणि पुढच्या पावसात निघतो. त्यामुळे ‘एकूण दिवस किती’ याचं एक उत्तर नाही. भर पावसाळ्यात सुमारे तीन महिने, मध्ये कोरडा हंगाम आला तर आठ-नऊ महिनेही.

११. अळ्या दालचिनीची पानं फस्त करताहेत. औषध मारू का?

दालचिनी तिची आवडती. त्याखेरीज पेरू, सीताफळ, लिंबाच्या जातीची झाडं आणि महारुख यांवरही ती आढळते. एक अळी भरपूर खाते, हे खरं. पण मोठ्या झाडावर चार-पाच अळ्या असतील तर झाडाला त्याचं काही वाटत नाही. पंधरा दिवसांत नवी पालवी फुटते. शिवाय बऱ्याच अळ्या पक्षी, गांधीलमाश्या आणि अंगात अंडी घालणाऱ्या परजीवी माश्या यांच्याच वाट्याला जातात. औषध मारलंत तर आधी या मदतनीस माश्या मरतात. रोप लहान असेल आणि उघडं पडत असेल, तर फांदीसकट अळी उचलून त्याच जातीच्या मोठ्या झाडावर ठेवा. ‘त्याच जातीच्या’ हे महत्त्वाचं. दालचिनीवर वाढलेली अळी पेरूला तोंड लावेलच असं नाही.

१२. अळीला हात लागला. अंगाला खाज येईल का?

नाही. आपल्या भाषेने हा भेद आधीच करून ठेवला आहे. केसाळ, खाजवणारा तो सुरवंट आणि बिनकेसांची ती अळी. ॲटलासची अळी आहे, सुरवंट नाही. पाठीवरचे काटे मऊ असतात, टोचत नाहीत. फार त्रास दिला तर मात्र ती उग्र वासाचा द्रव उडवते, तोही चांगला नेम धरून. हात साबणाने धुवा, झालं. आंब्या-माडावरच्या चपट्या, हिरव्या, काटेरी अळ्या वेगळ्या. त्यांचे काटे विजेचा झटका बसावा तसे झोंबतात. ओळख पटली नसेल तर हात लावूच नका.

१३. झाडावर एक सुकलेलं पान महिनोन्‌महिने लटकतंय. तो कोष असेल का?

शक्य आहे. वाऱ्याने न गळणारं, फुगीर आणि देठाला तपकिरी दोरा गुंडाळलेलं पान म्हणजे बहुधा कोष. हलकेच तळहातावर तोलून बघा. जड असेल तर आत जीव आहे. पोकळ, हलका आणि वरच्या टोकाला उघडा असेल तर पतंग निघून गेला. कडेला बारीक गोल भोकं असतील तर परजीवी माश्यांनी आतल्या जिवाचा फडशा पाडला. उकलून बघू नका. जिवंत असेल तर मरेल.

१४. छाटणीत कोष असलेली फांदी तुटली. आता काय करू?

फांदी तशीच सावलीत, पावसाच्या झडीपासून दूर, जमिनीपासून उंच टांगा. मुंग्या आणि उंदीर यांच्यापासून जपा. बरणीत किंवा बंद डब्यात ठेवू नका. पतंग निघाला की त्याला पंख खाली लोंबू देण्यासाठी उभी, खरबरीत जागा लागते, ती मिळाली नाही तर तो जन्माचा अधू होतो (पुढचा प्रश्न पाहा). फार कोरडी हवा असेल तर अधूनमधून पाण्याचा हलका शिडकावा पुरे.

१५. पंख चुरगळलेला पतंग सापडला. पंख हाताने सरळ करू का?

हात लावू नका. नुकताच कोषातून निघालेला प्रत्येक ॲटलास असाच दिसतो, जाड अंग आणि ओल्या चिंधीसारखे पंख. तो उभ्या काडीला लटकून पोटातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलतो. पंख उलगडतात, मग काही तासांत वाळून ताठ होतात. जमिनीवर पडला असेल तर काडी पुढे करा, तो आपणहून चढेल. दुसऱ्या दिवशीही पंख चुरगळलेलेच असतील तर ते आता सरळ होणार नाहीत. अशी मादी असेल तर झाडावर ठेवा. तिला उडायची गरज नाही, गंध सोडला की नर तिच्याकडे येतो.

१६. भिंतीवर दोन दिवस बसलाय, हलत नाही. मेलाय का? जंगलात नेऊन सोडू?

मेला असता तर खाली पडला असता. दिवसा न हलणं हा त्याचा स्वभाव (प्रश्न ९). तुम्ही एकच करा, पडवीतला दिवा रात्री बंद ठेवा. रात्री उडणारे कीटक आकाशाच्या उजेडाकडे पाठ ठेवून तोल सांभाळतात. दिवा लावला की पाठ दिव्याकडे वळते आणि बिचारा त्याभोवती गरगरत राहतो. त्या घिरट्यांत हाती असलेल्या सात-आठ रात्रींतल्या दोन वाया जातात. जंगलात नेण्याची गरज नाही, तो तिथूनच आला आहे. मांजराची किंवा मुलांची धास्ती असेल तर काडीवर घेऊन परसातल्या झाडावर ठेवा.

१७. मादीने पडद्यावर अंडी घातली. पिल्लं निघतील का?

नराशी मिलन झालेलं असेल तरच. मिलन न झालेली मादीही दिवस भरत आले की असेल तिथे अंडी घालते. ती काही दिवसांत चपटी होऊन आत दबतात. अंडी टणटणीत गोल राहिली तर आशा आहे. पण पडदा काही अळीला खाता येत नाही, आणि नवजात अळीला लगेच पान लागतं. दालचिनी किंवा पेरूचं झाड जवळ असेल तर अंड्यांसकट कापडाचा तुकडा पानांत टाचून ठेवा. पडद्याची फार माया असेल तर अंडी बोथट सुरीने अलगद सोडवून कागदावर घ्या आणि तो कागद टाचा.

१८. पंखांची पूड डोळ्यांत गेली तर आंधळं होतात का?

नाही. ही भीती लहानपणी सगळ्यांनाच घातलेली असते. ती पूड म्हणजे प्रश्न ३ मधले खवले. त्यात विष नाही. धुळीसारखी डोळ्यांत खुपेल, पाण्याने धुतली की जाते. तरी पंखांना बोटं लावू नयेत, कारण झडलेले खवले पुन्हा उगवत नाहीत.

१९. हा पण रेशमाचाच पतंग, मग याचं रेशीम का काढत नाहीत?

काढतात, पण थोडं. हे तपकिरी, लोकरीसारखं रेशीम ‘फगारा’ नावाने ओळखलं जातं. अडचण अशी की अळी एकसलग धागा सोडत नाही, तुकड्यातुकड्यांनी सोडते. तुतीच्या रेशमासारखा तो उलगडत नाही, कापसासारखा कातावा लागतो. तैवानमध्ये या रिकाम्या, टिकाऊ कोषांचे सुटे पैसे ठेवायचे बटवे करतात.

आपल्याकडे या कुळातलं रेशीम बघायचं तर विदर्भात जा. गडचिरोली-भंडारा भागात ढीवर समाजाची माणसं ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवतात, पाखरांपासून राखतात आणि कोसा काढतात. टसर नेसणाऱ्या कितीजणींना ठाऊक असतं की ते रान राखणाऱ्यांचं कसब आहे!

२०. पितृपक्षात घरात आला. काही संकेत असेल का?

हा प्रश्न दर भाद्रपदात येतो, आणि विचारणाऱ्याचा आवाज हळवा असतो, त्यामुळे हसण्यावारी नेत नाही. सरत्या पावसात हे पतंग जास्त निघतात आणि पितृपक्ष नेमका तेव्हाच पडतो. घरात दिवा होता म्हणून तो आला. शुभ माना, हरकत नाही, त्यामुळे निदान झाडूने मारला जात नाही. फक्त हळद-कुंकू वाहू नका, त्या पुडीने मिशा भरतात.

२१. आम्ही अमेरिकेत असतो. मुलांना दाखवायला कोष ऑनलाइन मागवता येतील का?

मागवू नका. तिथे परवान्याशिवाय जिवंत ॲटलास कोणत्याही अवस्थेत बाळगणं, वाढवणं, विकणं बेकायदा आहे. २०२२ च्या जुलैमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू गावी एका गॅरेजच्या भिंतीवर ॲटलास सापडला, तेव्हा कृषी खात्याने लोकांना लक्ष ठेवायला सांगितलं होतं. इथला जंगलाचा रहिवासी तिथे परका, आणि त्याच्या अळीला फळझाडांचं वावडं नाही. फुलपाखरांच्या परवानाधारक प्रदर्शनांत तो पाहता येतो. नाही तर गणपतीला गावी या.

२२. फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा पतंग आला. तोही ॲटलासच का?

नाही, तो मून मॉथ, चंद्रपतंग. कुळ एकच. पंख पिस्त्याच्या रंगाचे, अंग पांढरंशुभ्र, पुढच्या पंखाची वरची कड लालसर. मागच्या पंखांच्या पिळदार शेपट्या उडताना फडफडतात आणि वटवाघळाला चकवतात, म्हणजे प्रश्न ४ मधलंच काम. आपल्याकडे त्याच्या अळ्या शेमटाच्या, म्हणजे मोईच्या झाडावर सापडतात. यालाही तोंड निकामी, तोही थोड्या दिवसांचा पाहुणा.

२३. फोटो पाठवताना काय काय टिपू?

चारही पंख येतील असा समोरून एक फोटो, मिशांचा जवळून एक, आणि मापासाठी शेजारी काडेपेटी. फ्लॅश बंद. अळी असेल तर ती ज्या झाडावर आहे त्या झाडाचं पान हवंच, निम्मी ओळख तिथेच पटते. गाव आणि तारीख लिहा. आणि कृपा करून पतंगाला हातावर घेऊन सेल्फी काढू नका. चार फोटोंत खिडक्यांपेक्षा अंगठीच जास्त दिसते.